आपला दिनविशेष

मननासाठी : लूक १०:१७-२०



गेल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातला सहावीतला एक मुलगा संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी त्याची होती. कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू, कुठली लढाई, कुठला शोध, असे सगळे त्याला लिहून हवे होते. आम्ही मिळून पाच-सहा नोंदी केल्या. वही मिटताना त्याने विचारले, "फादर, ह्यात आपल्यातलं कोणीच कसं नाही?"

त्या वेळी मी त्याला हसून वाटेला लावले. पण प्रश्न माझ्यापाशीच राहिला. २ नोव्हेंबर, सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन, आता जवळ आला आहे. म्हणून त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज तुम्हा सर्वांना देतो.

पहिले उत्तर असे की, आपल्यातले पुष्कळ आहेत. आपल्यालाच ते माहीत नाहीत. ६ डिसेंबर म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण (१९५६) आपल्याला आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. त्याच तारखेला १८६१ साली नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. त्यांची भजने आज सगळ्या पंथांचे मराठी ख्रिस्ती लोक गातात. १५ ऑगस्टला देशाचा झेंडा फडकतो, त्याच दिवशी आपण पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण पाळतो. १५ ऑगस्ट १५४९ रोजी संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या किनाऱ्यावर उतरले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय गोव्यात पोहोचले आणि पुढे त्यांनी आपल्या मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. २४ जानेवारी हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. छत्रपती संभाजीनगर येथील आपले कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे.

पण बंधुभगिनींनो, ह्या तारखा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. जग थोरामोठ्यांचा जन्मदिवस धरते, तर ख्रिस्तसभा बहुधा मृत्यूचा दिवस धरते. संपूर्ण उपासना-वर्षात आपण फक्त तीन जन्मदिवस सण म्हणून पाळतो : २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २४ जूनला योहान बाप्तिस्त्याचा. बाकी संतांचे दिवस बहुतेक त्यांच्या मरणाचे. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारात एका बेटावर, जवळ जवळ एकटेच मरण पावले; ३ डिसेंबरलाच आपण त्यांचा सण करतो.

ही रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहराचे महागुरू संत पॉलिकार्प यांना जिवंत जाळण्यात आले. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्यांची हाडे गोळा करून पुरली आणि इतर ख्रिस्तमंडळ्यांना पत्र लिहून कळवले की, दरवर्षी ह्या ठिकाणी जमून आम्ही त्यांच्या रक्तसाक्षीचा जन्मदिवस साजरा करणार आहोत. ज्या दिवशी मारले, तो जन्मदिवस! कारण त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी पॉलिकार्प खरे जन्माला आले.

पैठण तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड नाही. दरवर्षी फाल्गुन वद्य षष्ठीला आपल्या रस्त्यांनी दिंड्या पैठणला जाताना आपण पाहतो. नाथषष्ठी हा संत एकनाथ महाराजांच्या समाधीचा दिवस. १५९९ साली ते गेले. चारशे वर्षे उलटली, तरी लोक त्या दिवशी सुतक धरून बसत नाहीत, टाळमृदंग घेऊन निघतात. चांगल्या माणसाचे मरण हा केवळ शेवट नसतो, हे ह्या मातीला ठाऊक आहे. आपण ख्रिस्ती लोक ह्याच्याही पुढे जाऊन एक गोष्ट सांगतो : प्रभू येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, म्हणून आपल्या प्रत्येकाचे मरण हे जन्माचे दार झाले आहे.

एकनाथ महाराज गेले त्याच्या दोनच वर्षे आधी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, वसईचा एक सुपुत्र जपानमधील नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण पावला. ते संत गोन्सालो गार्सिया. ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधू होते. धर्मगुरू नव्हते, विद्वान नव्हते. जपानी भाषा येत असल्याने दुभाष्याचे काम करीत. त्यांच्यासोबत आणखी पंचवीस जण होते आणि त्यांत कोवळी मुलेही होती. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संत म्हणून घोषित केले. ५ फेब्रुवारीला संत आगाथा यांचा सण येतो, म्हणून ह्या सव्वीस जणांचे स्मरण आपण ६ फेब्रुवारीला करतो.

आता पाहा, ह्या गोन्सालोंची जन्मतारीख कोणालाही माहीत नाही. साल सुद्धा अंदाजाने, १५५६ किंवा १५५७ असे सांगतात. जन्माला आले तेव्हा त्यांचा दिवस लिहून ठेवावा असे इतिहासाला वाटले नाही. आज मात्र त्यांच्या मरणाचा दिवस जगभरची ख्रिस्तसभा जाणते.

ह्या ठिकाणी मला आपल्या आजी-आजोबांची आठवण होते. आपल्या धर्मग्रामाच्या वयस्कर मंडळींची कागदपत्रे पाहिली, तर निम्म्यांचा जन्म १ जूनचा! त्यात नवल काही नाही. शाळेत नाव घालायला नेले की गुरुजी विचारीत, "जन्म कधीचा?" आणि बाप सांगे, "पाऊस लई झाला होता त्या साली." मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहत आणि १ जून लिहून टाकीत. आपल्याकडे काळ तारखेने मोजला जात नव्हता. रझाकाराच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, असा मोजला जाई. देशाचे स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ चे. आपला मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. ह्या दोन तारखांच्या मध्ये ह्या भागात कितीतरी जन्मले आणि कितीतरी गेले, त्यांच्या तारखा कुठल्याही वहीत नाहीत.

तारखेचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. मला ह्या प्रश्नाचे उत्तर एका माऊलीने शिकवले. ते आज तुमच्यापुढे कबूल करतो.

मी पूर्वी एका दुसऱ्या धर्मग्रामात होतो. ऑक्टोबर महिन्याचा शेवट होता. २ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी मृतांची नावे लिहून घेण्याचे काम चालू होते. मी मोठा शिस्तीचा. कागदावर रकाने आखले होते : नाव, वय, मृत्यूची तारीख. एक म्हातारी आजी रांगेत आली. तिने एक नाव सांगितले. मी तारीख विचारली. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात गेलं, फादर. खडी फोडायला होते मी." मी म्हणालो, "आजी, महिना तरी?" ती गप्प राहिली. मागे रांग वाढत होती. मी सांगितले, "तारीख आठवली की या, मग लिहू." ती पदर सावरत निघून गेली. पुन्हा आली नाही. त्या वर्षी २ नोव्हेंबरला मी शंभरावर नावे वाचली, त्यात ते नाव नव्हते.

पुढे काही दिवसांनी तिच्या सुनेकडून मला कळले. ते आजीचे पहिले लेकरू होते, चार-पाच महिन्यांचे. दुष्काळी कामावर रस्त्याच्या कडेला झोळीत असायचे. ताप आला आणि दोन दिवसांत गेले. जवळपास धर्मगुरू नव्हता, मास्तर नव्हते. मास्तरांनी शिकवले होते तसे तिने मडक्यातले ओंजळभर पाणी घेतले, त्याच्या कपाळावर ओतले, आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला नाव दिले. प्यायच्या पाण्यासाठी भांडणे होत होती, त्या दिवसांतले ते ओंजळभर पाणी. मग तिथेच शेताच्या बांधाला त्याला पुरले आणि काम चालू असल्याने तिसऱ्या दिवशी ती पुन्हा खडी फोडायला बसली.

मरणाच्या संकटात कोणाही माणसाने योग्य हेतूने, पाणी ओतून, त्रैक्याच्या नावाने दिलेला स्नानसंस्कार खरा असतो, असे ख्रिस्तसभा शिकवते. म्हणजे त्या आजीने रस्त्याच्या कडेला जे केले, ते मी वेदीपाशी करतो तेच होते. आणि मी तिला तारखेसाठी परत पाठवले!

मी तिच्या घरी गेलो. क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, फादर? मलाच याद नाही." मी यादीचा कागद सोबत नेला होता. तिच्यासमोर बसून ते नाव लिहिले. तारखेच्या रकान्यात काय लिहावे हे सुचेना. मग लिहिले : देवास ठाऊक. तिला वाचता येत नव्हते. ती म्हणाली, "एकदा मोठ्यानं म्हणून दावा." मी ते नाव मोठ्याने वाचले. तेव्हा ती म्हणाली, "आता बरं झालं. माझ्या मागं त्याचं नाव कोण घेतं?"

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून मी रकाने आखणे सोडले आहे.

आजच्या शुभवर्तमानाच्या ओव्यांकडे वळू या. प्रभूने पाठवलेले शिष्य मोठ्या आनंदात परत आले. भुते सुद्धा आम्हाला वश होतात, असे ते सांगू लागले. दिनविशेषात छापून यावे असेच ते काम होते. पण प्रभू त्यांना म्हणाला की, ह्याचा आनंद मानू नका; तुमची नावे स्वर्गात लिहिली गेली आहेत, ह्याचा आनंद माना. देव माणसाच्या पराक्रमाआधी त्याचे नाव लिहितो. यशया संदेष्टा सांगतो की, एक वेळ आई लेकराला विसरेल, पण देव विसरणार नाही. त्याने आपल्याला स्वतःच्या तळहातावर कोरले आहे (यशया ४९). मग ज्या आईने पन्नास वर्षांत लेकराचे नाव विसरले नाही, तिच्या लेकराला तो कसा विसरेल?

शिवाय माणसांच्या कॅलेंडरचे काय सांगावे! १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी कालगणना सुधारली, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आला. मधले दहा दिवस नाहीसेच झाले. अविला येथील संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या, म्हणून त्यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो. खुद्द प्रभू येशूची जन्मतारीख शुभवर्तमानात नाही. आणि तरीही संत योहान एक वेळ विसरत नाही. दोन शिष्य प्रभूच्या पहिल्या भेटीला गेले, तेव्हा दिवसाचा दहावा तास होता, म्हणजे दुपारचे चार वाजले होते, असे तो आवर्जून लिहितो (योहान १:३९). प्रेम जिथे असते तिथे वेळ आठवते. म्हणून तारीख जपणे हे प्रेमाचेच काम आहे. फक्त तारीख नाही म्हणून प्रेमाला परत पाठवू नये.

आता तीन गोष्टी करू या.

पहिली, आपल्या स्नानसंस्काराची तारीख शोधा. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या सोमवारी देवाघरी गेलेले पोप फ्रान्सिस हे लोकांना वारंवार सांगत. त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९३६ चा आणि स्नानसंस्कार २५ डिसेंबरचा. कागदावरचा १ जून चुकीचा असेल. स्नानसंस्काराच्या नोंदवहीतली तारीख तुमची खरी आहे. ऑफिसात या, आपण मिळून शोधू. त्या दिवशी घरात एक मेणबत्ती लावा.

दुसरी, घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा आणि कोण कधी गेले ते लिहून घ्या. त्यांच्याबरोबर ही नावेही जातील. तारीख नसेल तर "पेरणीच्या दिवसांत" एवढे लिहा.

तिसरी, २ नोव्हेंबरसाठी नावे आणा. सुमारे हजार वर्षांपूर्वी क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांत हा दिवस सुरू केला. ज्यांना स्वतःचा सण नाही, त्या सर्वांचा हा एक सण. तान्ह्या लेकरांची नावे आणा, परगावी ऊसतोडीवर गेलेल्यांची आणा, ज्यांच्या कबरीवर खूण नाही त्यांची आणा. नावच ठेवले नसेल, तर "अमुकीचे बाळ" म्हणून सांगा. मी प्रत्येक नाव मोठ्याने वाचीन. वेळ लागेल, घाई करू नका.

आणि त्या सहावीतल्या मुलाला मी सांगणार आहे : बाळा, तुझ्या वहीत आपल्यातले थोडेच मावतात. बाकीच्यांची वही देवाजवळ आहे.

तुमचे आणि आमचे नाव त्या वहीत राहो, हीच प्रार्थना. आमेन.