इंजेक्शनची कोंबडी

बोईसरच्या बाजारात चिकनच्या दुकानाशी पाच मिनिटं उभं राहा, ‘इंजेक्शनची नको, गावठी असेल तर द्या’ हे कानावर येतंच. गावठी म्हणजे पाड्यावर दाणे टिपत हिंडणारी, रात्री खुराड्यात शिरणारी. अंगाने भरायला तिला महिने लागतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंवर जातो. औषधाशिवाय हे कसं होईल, असं वाटणारच. त्यात पट्टा तारापूरचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या क्रमवारीत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत देशात पहिला नंबर याचाच होता. न दिसणाऱ्या रसायनांना घाबरणाऱ्या इथल्या माणसाला अडाणी म्हणायची माझी तरी छाती नाही.

संशय मात्र भलत्याच जागी बसला आहे. लोकांच्या मते ते इंजेक्शन वाढीच्या हार्मोनचं. पण वाढीचं हार्मोन हे प्रथिन. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. म्हणजे टोचायचं, तेही पुन्हापुन्हा. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये हे कोण करत बसणार? शिवाय प्रयोगात कोवळ्या ब्रॉयलरना ते टोचून पाहिलं, तर वाढीत फारसा फरक पडला नाही.

कारण शरीराचा स्वतःचा बंदोबस्त. मेंदूच्या बुडाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हे हार्मोन थांबून थांबून सोडते. मेंदूतला एक स्राव तिला ‘सोड’ म्हणतो, सोमॅटोस्टॅटिन ‘थांब’ म्हणतं. पक्ष्यांत थायरॉइडला जागवणारं टीआरएचसुद्धा ‘सोड’वाल्यांच्या बाजूने असतं. हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-1 हे वाढ घडवणारं द्रव्य बनवतं आणि तेच उलट वर ‘पुरे’ असा निरोप धाडतं. कोंबडी उपाशी राहिली तर रक्तातलं हार्मोन वाढतं, वाढ मात्र खुंटते. एका बुटक्या वाणात तर हार्मोन रक्तात भरपूर असतं, पण ते ओळखणारा पेशींवरचा ग्राहीच बिघडलेला असतो. म्हणून कोंबडी ठेंगणीच राहते. उलट झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या रक्तात ते सावकाश वाढणाऱ्या जातींपेक्षा अनेकदा कमीच सापडतं. हार्मोन जास्त तेवढी वाढ जास्त, हा हिशेब आपण मांडलेला. कोंबडीला तो ठाऊक नाही.

मग वजन येतं कुठून? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 या काळांतले वाण एकाच खाद्यावर वाढवले. 56व्या दिवशी पहिला सरासरी 905 ग्रॅम, दुसरा 1808, तिसरा 4202. फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. सुई नाही, वंशावळ. आणि ही निवड कुणा खलनायकाने गुपचूप केलेली नाही. स्वस्त, मांसल कोंबडी आपल्यालाच हवी होती. तिचे पाय त्या वजनाखाली लचकतात, त्याची तक्रार काउंटरवर कुणी करत नाही.

विचारायचंच तर अँटिबायोटिकचं विचारावं. वजन वाढावं म्हणून ती खाद्यात थोडीथोडी घातली जात, ही अफवा नव्हे. माणसावरच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिनही कोंबड्यांना दिलं जात होतं; त्यावर केंद्राने बंदी घातली ती जुलै 2019मध्ये.