भरवशाच्या इंजिनाला टोणगा

भरवसा ही चीज बँकेत जितकी मागितली जाते तितकी दुसरीकडे कुठे मागितली जात नसेल. कर्ज मागायला माणूस आला की आम्ही त्याला आधी जामीनदार मागतो. जामीनदार आणला की जामीनदाराचा सातबारा मागतो. सातबारा आणला की त्यावर वकिलाचा सर्च रिपोर्ट मागतो. एवढे सगळे कागद फायलीत टाचल्यावर आमचे मॅनेजरसाहेब खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "माणूस भरवशाचा दिसतो!" आता तुम्ही म्हणाल, भरवसा होता तर कागद कशाला? या प्रश्नाचे उत्तर बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला कोणी दिले नाही आणि बँकेच्या वीस वर्षांत मी कोणाला विचारले नाही.

पण माणसांचे एक वेळ सोडा. यंत्राच्या बाबतीत आपण कुठे कागद मागतो? गाडी घेताना आमच्या वाशीम जिल्ह्यातला माणूस पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" असा विचारतो आणि दुसरा "भरवशाची आहे ना?" असा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात येते. दुसऱ्याचे उत्तर नेहमी मान हलवून येते. ती मान कोणाची, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

डिझेल इंजिनाविषयी आम्हा वऱ्हाडातल्या लोकांच्या मनात जो भरवसा आहे तो मोटारीतून आलेला नाही. तो विहिरीवरून आलेला आहे. पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या काळात गावोगावच्या विहिरींवर तिची इंजिने टुकटुकू लागली. ते इंजिन म्हणजे एक सिलिंडर, एक मोठे चाक आणि एक हँडल. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. आत हवा इतकी दाबायची की ती दाबूनच तापते आणि डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने ही युक्ती काढली आणि १८९७ साली आउग्सबर्गला ती नीट चालवून दाखवली. तो स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्रीच्या बोटीवरून नाहीसा झाला. इंजिन मात्र राहिले आणि आमच्या तुरीला पाणी देऊ लागले. ते बंद पडले तर गावातला कोणीही माणूस पाना घेऊन ते उघडू शकत असे. दुरुस्त होईलच असे नाही, पण उघडले की बिघाड दिसत तरी असे. ही 'दिसण्याची' गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचे साडूभाऊ मंगरूळपीरला शिक्षक आहेत. त्यांच्या वडिलांच्या विहिरीवर असे इंजिन होते. २०१२ साली त्यांनी मोटार घ्यायचे ठरवले तेव्हा ती डिझेलचीच घ्यायची हे ठरवावे लागलेच नाही. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल होते ४१ च्या आसपास. सगळा देश डिझेलच्या रांगेत उभा होता. मी मात्र सवयीने कागदावर हिशेब मांडला. गुरुजींची महिन्याची धाव चारशे किलोमीटर, म्हणजे वर्षाची ४,८००. पेट्रोलची गाडी लिटरला १५ देणार, डिझेलची २०. वर्षाची बचत साडेतेरा हजार रुपये. डिझेलच्या गाडीची किंमत लाखभर जास्त. ती वसूल व्हायला लागणार सात वर्षे आणि पाच महिने, तेही व्याज न धरता. मी कागद पुढे सरकवून म्हणालो, "साडूभाऊ, ही बचत नाही, साडेसाती आहे."

ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी हिशेब पाहता, मी भरवसा पाहतो."

आणि खरे सांगायचे तर त्या गाडीने त्यांचा भरवसा ठेवला. तिच्यात होते ते फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट. मारुतीपासून टाटांपर्यंत इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसले होते की लोक त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. नऊ वर्षे गुरुजींनी ते चालवले आणि एखाद्या गुणी सुनेसारखे त्याचे कौतुक केले.

मग आला १ एप्रिल २०२०. या तारखेला आमच्या बँकेचे नवे वर्ष सुरू होते आणि बाकीचे जग एकमेकांना फसवते. त्या दिवसापासून भारतात बीएस-६ लागू झाले. चौथी पायरी उतरून देश एकदम सहाव्या पायरीवर गेला, पाचवी गाळलीच. मारुतीने तर डिझेलच्या गाड्याच बंद केल्या. पुढे २४ जूनला दिल्लीत डिझेल चक्क पेट्रोलपेक्षा महाग झाले. शहाण्या माणसाला एवढ्या सूचना पुरतात. पण भरवसा ही सूचना न वाचता सही करण्याची कला आहे. गुरुजींनी २०२१ साली दुसऱ्या एका कंपनीची नवी डिझेल गाडी घेतली. जुन्या गाडीने मिळवलेला भरवसा त्यांनी नव्या गाडीच्या खात्यावर परस्पर ट्रान्सफर केला. बँकेत असे करायला दोन सह्या लागतात.

नव्या गाडीच्या पोटात काय काय होते ते मला मिस्त्रीने समजावले. डिझेल हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबाने फवारले जाते. ते किती, केव्हा आणि कितीदा फवारायचे हे एक कॉम्प्युटर ठरवतो. धूर बाहेर जाऊ नये म्हणून मागे एक जाळीदार गाळणी असते. तिचे नाव डीपीएफ. काजळी त्या गाळणीत साठते. गाळणी भरत आली की कॉम्प्युटर थोडे जास्तीचे डिझेल सोडतो, धुराची उष्णता सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. फक्त अट अशी की, त्या वेळी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग साठ-सत्तरच्या वेगाने धावत असली पाहिजे.

आता गुरुजींची शाळा घरापासून तीन किलोमीटर. त्यात दोन गतिरोधक, एक आठवडी बाजार आणि रस्त्यात रवंथ करीत बसलेली जनावरे. गाळणी भरली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गुरुजींनी तो देवापुढच्या समईसारखा आठ दिवस तेवत ठेवला. मग गाडी हळू चालू लागली.

मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, गाडीले पोटाचा त्रास आहे. हे गल्लीत फिरवाची गाडी नाही. हिले आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यानं पळवा, नाही त हे अशीच कुंथत राहीन."

सुदैवाने ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. मग दर रविवारी सकाळी गुरुजी शेलूबाजारजवळ समृद्धीवर चढत आणि कारंज्याला उतरत. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी माथा टेकवून परत. गुरुजींना दर्शन, गाडीला शुद्धी आणि सरकारला टोल. काजळी जाळण्यासाठी टोल भरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण सर्वांत विलक्षण प्रकार तेलाचा. अर्धवट पेटलेल्या शुद्धीकरणात ते जास्तीचे डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते आणि तेलाची पातळी वाढते! गुरुजी पट्टी काढून मला दाखवत म्हणाले, "पाहा, तेल खात नाही, उलट वाढवते." माझ्या अंगावर काटा आला. संध्याकाळी रोख कमी भरली तर कॅशिअर खिशातून भरतो आणि घरी जातो. रोख जास्त भरली तर त्याला झोप येत नाही. न भरता वाढलेली शिल्लक म्हणजे कुठेतरी काहीतरी भयंकर चुकलेले आहे. पातळ झालेले तेल इंजिन झिजवते, हे मिस्त्रीने सांगायच्या आधीच माझ्यातल्या कारकुनाला कळले होते.

यात दोष कोणाचा? इंजिनाचा म्हणावा तर ते त्याला सांगितले तेच करीत होते. कायद्याचा म्हणावा तर लहान मुलांच्या छातीत काजळी जाऊ नये असे त्याला वाटते, आणि ते बरोबरच आहे. मला वाटते, फरक त्या 'दिसण्या'त आहे. विहिरीवरचे इंजिन उघडून पाहता येत होते. हे इंजिन उघडले तरी दिसत नाही. त्याचे अंतःकरण कॉम्प्युटरात आहे आणि तिथे मालकाची नजर पोचत नाही. जिथे नजर पोचत नाही तिथे आपल्याला कोणाच्या तरी शब्दावर राहावे लागते.

आणि तो शब्द खोटा निघाला तर? २०१५ च्या सप्टेंबरात जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने कबूल केले की जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत एक लबाड सॉफ्टवेअर आहे. गाडी तपासणीच्या यंत्रावर उभी आहे हे त्याला कळायचे. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की पुन्हा होता तोच कारभार. भारतातल्याही सुमारे सव्वातीन लाख गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ही बातमी वाचून आमच्या शाखेत कोणालाच नवल वाटले नाही. इन्स्पेक्शनच्या दिवशी आमचेही काउंटर चकाचक असते, पंखे फिरतात आणि पेनला दोरी असते. पण साहेब गेल्यावर दोरी तुटली तर कोणाचे फुप्फुस खराब होत नाही, एवढा फरक आहेच.

असो. २०२४ साली गुरुजींनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक मिळाले आणि नेमके ते माझ्याच काउंटरवर जुन्या गाडीच्या कर्जाची चौकशी करायला आले. बियाण्याच्या कंपनीत नोकरी करणारा तरुण पोरगा. कागद घेता घेता म्हणाला, "साहेब, गाडी तुमच्या नात्यातल्याची आहे म्हणे. भरवशाची आहे ना?"

आदल्याच रात्री साडूभाऊंचा फोन आलेला होता. "भाऊसाहेब, इचारल्याशिवाय आपून काई सांगू नये."

बी.कॉम.ला आम्हाला भारतीय करार कायदा, १८७२ होता. त्याच्या कलम १७ खाली एक घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे माहीत असून अ ने तो लिलावात ब ला विकला आणि तोंडातून शब्द काढला नाही. ही फसवणूक नव्हे. पण ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य. आणि ब ने जर म्हटले की, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला समजेन, तर मग गप्प राहणे म्हणजेच बोलणे. परीक्षेत याला मला दहापैकी सात मार्क पडले होते. पण मुलीला सांगायचे आणि परक्याला नाही, असे का, हे प्रश्नपत्रिकेत नव्हते. परक्याच्या पोरीचा बापही कोणाचा तरी बापच असतो की.

तसा एक मधला मार्गही होता. "अंजन कंपनीचं आहे, कागदपत्रं साफ आहेत," असे म्हणून मान हलवायची. शब्दाने खोटे नाही. पण हा मार्ग आधी एका फार मोठ्या माणसाने वापरलेला आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याबरोबर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. ग्राउंड क्लिअरन्स गेल्याची ही पहिली नोंद. धर्मराजाला स्वर्गात जायचे होते, त्याला चार बोटांचे परवडले असेल. मला रोज दहा वाजता त्याच काउंटरवर बसायचे असते.

शिवाय माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. पोराने विचारले इंजिनाबद्दल, पण इंजिनाला तो ओळखत नव्हता. भरवसा त्याने माझ्या मानेवर टाकला होता. यंत्रावर भरवसा असा नसतोच. तो बनवणाऱ्यावर, दुरुस्त करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर असतो. जितके यंत्र बंद, तितका सांगणाऱ्याचा शब्द उघडा हवा.

मी त्याला विचारले, "रोज किती चालवाल?"

"अकोला-नांदेड, साहेब. दिवसाचे दोनशे किलोमीटर होतात."

मी त्याला दिवा, गाळणी, तेल सगळे सांगितले. इंजिन मिस्त्रीकडून तपासून घ्या, म्हणालो. आणि हेही सांगितले की दोनशे किलोमीटरवाल्याला ही गाडी कदाचित त्रास देणार नाही, तीन किलोमीटरवाल्याला मात्र देणारच. त्याने तपासून घेतले, चाळीस हजार कमी करून घेतले आणि गाडी नेली.

हे चाळीस हजार साडूभाऊ माझ्या नावे लिहून बसले आहेत. त्यांचा फोन नव्वद दिवस आला नाही. बँकेच्या नियमाने नव्वद दिवस हप्ता आला नाही की खाते एनपीए होते. आमच्या सौभाग्यवतींनी तर वसुलीची कारवाई पहिल्याच दिवशी सुरू केली होती. "बहिणीच्या घरचं नुकसान करून कोणतं पुण्य मिळालं?" हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि तो प्रश्न बिनबुडाचा आहे असेही मला म्हणता येत नाही. सत्याचे बिल बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या घरी येते. त्या पोराचे काय, त्याला ते दुकानात सूट मिळाल्यासारखे वाटले असेल.

दिवाळीला साडूभाऊ आले. चकली खाता खाता म्हणाले, आता इलेक्ट्रिक गाडी घेतो, तिच्यात इंजिनच नाही, मग बिघडणार काय? माझ्याकडे पाहिले, पण विचारले काही नाही. मीही काही बोललो नाही. कलम १७.