दिंडीची भिशी आणि घरची उचल



आषाढी करून आपण घरी परतलो की आमच्या धारूर भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. घरात मावंद्याची बोलणी निघतात आणि दारात मुकादम येऊन बसतो. मावंद्याला किती पंगती उठवायच्या, हे एका ओसरीवर ठरत असते. येत्या हंगामासाठी कोयत्याला किती उचल घ्यायची, हे दुसऱ्या ओसरीवर ठरत असते. पुष्कळदा ही ओसरी एकच असते. म्हणूनच आज तुमच्याशी घरच्या पैशांविषयी आणि अंगावरच्या देण्याविषयी बोलायचे आहे. हा विषय प्रपंचाचा आहे, परमार्थाच्या मासिकात कशाला, असे मनात येईल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

बालाघाटाच्या माथ्यावरचा आमचा मुलूख तुम्हाला ठाऊक आहे. जमीन खडकाळ आणि पाणी पावसाच्या मर्जीवर. सीताफळाच्या दिवसांत चार पैसे हातात येतात, बाजरी आणि सोयाबीन साधले तर साधले. दसरा-दिवाळी झाली की हजारो घरांना कुलूप लागते आणि नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला जाते. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. आपल्याकडे फड म्हटले की विणा, पखवाज आणि परंपरा आठवते. कोयत्याचा फड उसाचा असतो. कार्तिकी एकादशीला आपण चंद्रभागेत स्नान करतो, तेव्हा आमच्याच गावची माणसे सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात पहाटेच्या दहिवरात मोळ्या बांधत असतात. पंढरपूर हाकेवर असते आणि जाता येत नाही. कारण ते दिवस त्यांनी पावसाळ्यातच विकलेले असतात.

मी आमच्या छोट्या दिंडीचा हिशेब लिहितो. निघण्याआधी किती माणसे, किती धान्य, गाडीचे भाडे आणि पाण्याच्या टँकरचे पैसे किती हे मांडायचे आणि त्यावरून प्रत्येकाची भिशी ठरवायची. रात्री हरिपाठ झाला की दिवसाचा खर्च मोठ्याने वाचून दाखवायचा. ही आमची रीत. दोन वर्षांपूर्वी एका मुक्कामी वाचन संपल्यावर एक माउली जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “दादा, दिंडीत दहा रुपयांची मेथीची जुडी घेतली तरी तुम्ही वाचून दाखवता. माझ्या घरावर किती देणं हाय, ते मला तीन वर्षं ठावंच नव्हतं. कोयता मातर मीबी चालवला.”

त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला मालकांनी उचल घेतली होती. ती पुरली नाही म्हणून वरून शेकडा पाचने आणखी काढले. दोन्ही आकडे त्यांनी घरात सांगितले नाहीत. बायकोला काळजी नको, असे त्यांच्या मनात असावे. लाजही असावी. दर हंगामाला बाकी का राहते, हे त्या माउलीला कळत नव्हते. आपण कमी तोडतो असे वाटून त्या ताप असतानाही फडात जात राहिल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या बाईंनी नकळत एक प्रश्न पुढे ठेवला होता: येणारे दिवस विकायचा अधिकार कोणाचा?

कर्ज म्हणजे दुसरे काय असते, माउली? आज हातात पैसे येतात आणि उद्याचे दिवस दुसऱ्याच्या हाती जातात. साधा हिशेब करून पाहू. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानंतर तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी मिळून रोज दोन टन तोडले, तरी १३७ दिवस झाले. म्हणजे साडेचार महिने एकही खाडा न करता. त्यात पोटाचा खर्च धरलेला नाही, औषधपाणी धरलेले नाही. पाऊस कमी होऊन ऊसच कमी असला आणि शंभर दिवसांत पट्टा पडला, तर हातून २०० टन होतात आणि ७३,२०० रुपये फिटतात. उरलेले जवळपास सत्तावीस हजार अंगावर घेऊन घरी यायचे आणि त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीचे दिवस आधीच द्यायचे.

खाड्याचा दंड वेगळा असतो. म्हणून बाई आजारपणात काम करते, बाळंतपणानंतर लगेच काम करते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची चौकशी २०१९ मध्ये सरकारला करावी लागली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. कर्जाचे व्याज केवळ रुपयांत जात नाही, ते देहातूनही जाते. आणि तो देह नेहमी कर्ज घेणाऱ्याचाच असतो असे नाही.

मग कर्ज काढणे हे पाप आहे का? तसे म्हणणे मला मान्य नाही. संतांच्या चरित्राकडे पाहा. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. त्याच संकटाच्या काळात, १६३१ मध्ये, आपला धारूरचा किल्ला निजामशाहीकडून मोगलांकडे गेला. वरून आभाळ कोरडे आणि खाली फौजांची धावपळ. तिकडे देहूत तुकोबारायांचे दुकान बुडाले, घरात अन्न उरले नाही आणि त्यांची पहिली पत्नी व मुलगा गेले. दिवाळे निघालेला संसार तुकोबारायांनी भोगला आहे, आणि अभंगांतून तो झाकला नाही. ज्या दुःखाला आपल्या सर्वांत थोर संताने चारचौघांत बोलून दाखवले, ते बोलायला आपल्याला लाज का वाटावी? दुष्काळाने, आजाराने, पडलेल्या भावाने जे कर्ज होते ते पाप नव्हे. ते संकट आहे. आणि संकट लपवून वाढते. मराठवाड्यात किती घरांतला कर्ता माणूस एका आकड्यापायी घर सोडून कायमचा गेला! घरच्यांना तो आकडा पुष्कळदा नंतर कळला. तो आधी बोलला असता, तर चौघांनी मिळून काही वाट काढली असती.

आता दामाजीपंतांकडे पाहू. मंगळवेढ्याच्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली आणि त्यांच्यावर बेदरला जाब देण्याची वेळ आली. तेव्हा विठूने येऊन भरणा केला, असे परंपरा सांगते. ही कथा ऐकून आपण मनात म्हणतो, देवाला काळजी, तो आपलेही फेडील. पण माउली, विठूने कोणते देणे फेडले ते नीट पाहा. दुसऱ्याच्या भुकेसाठी झालेले ते देणे होते. मुलीच्या लग्नात बँड लावण्यासाठी किंवा भाऊबंदांत नाक वर राहावे म्हणून झालेले नव्हते. भुकेचे देणे देव स्वतःचे मानतो. मानाचे देणे मात्र आपले आपल्यालाच फेडावे लागते.

इथे आपल्याला आपल्याच अंगणात पाहिले पाहिजे. ऋण काढून सण करू नये, हे सगळे सांगतात. पण वारीहून आल्यावर मावंदे मोठेच झाले पाहिजे, हे कोण ठरवते? वडील गेले तर उत्तरकार्याला गावजेवण आणि नामांकित महाराजांचे कीर्तन झालेच पाहिजे, ही अपेक्षा कोणाची? आपलीच. एखाद्याने पाच माणसांत पिठलं-भाकरीचे मावंदे केले, तर आपण त्याच्या भक्तीचे माप काढतो. त्याची उचल त्या टोमण्यातून निघते. म्हणून जेवणारा म्हणूनही आपण जबाबदार आहोत. यंदा एखाद्या अडचणीतल्या घरी मावंद्याला गेलात, तर “छान झालं, एवढंच बरं” असे मोठ्याने म्हणा. ते शब्द त्या घराचे काही हजार रुपये वाचवतील. कीर्तनकार महाराजांनाही हात जोडून विनंती, की मोठ्या पंगतीचे कौतुक नारदाच्या गादीवरून नको. सामुदायिक विवाहात मुलगी दिलेल्या बापाचे कौतुक तेवढे करा.

हिशेब मांडणे ही कोत्या मनाची गोष्ट आहे, असेही काहींना वाटते. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना नाथ महाराजांना हिशेबात एका पैची चूक सापडेना. रात्रभर बसून ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. ही कथा आपण एकाग्रतेसाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. पैची चूकही सोडायची नाही, हा खरेपणा ज्याच्या अंगी होता, त्यालाच गुरूंनी पुढची वाट दाखवली.

म्हणून घर ही एक दिंडी समजा. दिंडी कर्ज काढून निघत नाही. आधी माणसे मोजते, मग धान्य. घरातही देण्याचे तीन भाग पाडा. भाकर, बियाणे, औषध आणि मुलांची शाळा पहिल्या भागात. घराची डागडुजी, जनावर आणि अवजार दुसऱ्या भागात, हे थांबू शकते. मानपान तिसऱ्या भागात, त्याला उधारीचा एकही रुपया नाही. पहिल्या भागासाठी हात पसरावा लागलाच, तर कोणापुढे ते नीट ठरवा. शेकडा पाचने पन्नास हजार घेतले, तर महिन्याला अडीच हजार आणि वर्षाला तीस हजार व्याज होते. वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते आणि मुद्दल तसेच उभे असते. बचत गटातून शेकडा दोनने घेतले, तर तेच व्याज महिन्याला हजार होते आणि ते आपल्याच गटात राहते. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत सरकारी सवलतीमुळे व्याज पडत नाही. म्हणून ती तारीख एकादशीसारखी लक्षात ठेवा. दवाखान्याचा खर्च घर बुडवतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात आणि कोणते रुग्णालय जवळ आहे, याची चौकशी आजार नसतानाच करून ठेवा. सावकाराकडे गेलातच तर परवाना पाहा, कागद मागा आणि कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. बिनपरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटचे बोलणे थोडे कडू आहे. शेकडा पाचने पैसे देणाऱ्यांतही काहींच्या गळ्यात तुळशीची माळ असते. त्या माउलींनीही हे वाचावे. महिपतीबुवांनी तुकोबारायांच्या चरित्रात सांगितले आहे, की वडिलार्जित सावकारीची खते त्यांनी दोन वाट्यांत केली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. भावाच्या वाट्यावर त्यांनी उदारपणा केला नाही, स्वतःच्याच वाट्यावर केला. सगळे बुडवा असे मी तुम्हाला सांगत नाही, तेवढी आपली योग्यता नाही. पण दामदुपटीची जुनी रीत तरी पाळा. मुद्दलाएवढे व्याज ज्याने दिले आहे, त्याच्याकडून आणखी व्याज घेताना इंद्रायणीचा डोह आठवा.

त्या माउलींचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. वारीहून परतल्यावर त्यांनी मालकांना तुळशीपुढे बसवले आणि सगळे आकडे बोलायला लावले. त्या सांगतात, मालक आधी चिडले, मग रडले. गटातून पैसे काढून पाच टक्क्यांचे देणे आधी मिटवले. धाकट्या मुलीचे लग्न सामुदायिक सोहळ्यात झाले. उचल पूर्ण सुटली नाही. गेल्या हंगामातही दोघे गेलेच. पण उचल पूर्वीपेक्षा कमी घेतली आणि किती घेतली ते दोघांना माहीत होते. ताप आला तेव्हा त्या एक दिवस कोपीवर पडून राहिल्या. त्या खाड्याची किंमत दोघांनी मिळून ठरवली होती.

एवढेच मागणे आहे. येत्या एकादशीला हरिपाठ झाल्यावर घरातल्या सर्वांना बसवा. येणे किती, देणे किती, कोणाचे, किती टक्क्यांनी, हे विठ्ठलासमोर मोठ्याने वाचा. पोरांनाही ऐकू द्या. येणारे दिवस त्यांचेही आहेत.

राम कृष्ण हरी.