बोलावं की हातांनी सांगावं?

 

या वेळच्या पत्रकासाठी विषय सुचवा म्हटलं तेव्हा आमच्या मनात एकच विषय होता, आणि तो लिहायची थोडी लाजही वाटत होती. तरी लिहीत आहोत. असं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घरात आणि मंडळात सगळे माई म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला, तोही साध्या गोळ्यांना दाद न देणारा. तेव्हा अशा टीबीवर महिनोन्‌महिने इंजेक्शनं द्यायचे. जीव वाचला, कान गेले. त्या औषधाने काहींच्या कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाचं मशीन आणलं. पण मशीन आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. ताट पडलं की डोक्यात घण बसल्यासारखं होतं, आणि "दूध उतू जातंय" म्हटलेलं मात्र कळत नाही.

माईंचं बोलणं अगदी पहिल्यासारखं आहे, आणि खरी अडचण तीच आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माणसाला लोक पाहताक्षणी ओळखतात, थोडं सांभाळून घेतात. माई भाजीवाल्याला खणखणीत विचारतात, "गिलकी कशी दिली?" तो तराजूकडे बघत भाव सांगतो. त्या पुन्हा विचारतात. तिसऱ्यांदा विचारलं की तो वैतागतो, कारण इतकं स्वच्छ बोलणारी बाई बहिरी असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. ज्याला बोलता येतं त्याला ऐकूही येतं, असं आपण धरूनच चालतो.

"ओठ बघून कळतं ना?" असं आम्हीही म्हणायचो. एकदा आरशासमोर उभं राहून पाहा. पान, बाण आणि मान, तिन्ही म्हणताना ओठ सारखेच हलतात. क आणि ग तर घशात होतात, ते बाहेर दिसणार कुठून? त्यात आपला भाग कसा, घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर निमाडी, आणि डोंगराकडून आलेल्या बाया आपसात कोरकू बोलतात. समोरचा कोणत्या भाषेत बोलतोय हे आधी ओळखायचं, मग शब्द. तेही पदर तोंडावर नसेल, मिशी ओठांवर नसेल आणि दिवे गेले नसतील तर. संध्याकाळपर्यंत माईंचे डोळे दुखायला लागतात. आम्हाला वाटायचं मोबाईल जास्त बघतात.

चारजणी बसून हसलो की त्या विचारतात, "काय झालं?" आणि आम्ही म्हणतो, "काही नाही, जाऊ द्या." हे आम्ही किती वेळा म्हणालो असू त्याची मोजदाद नाही. त्यात वाईट हेतू नसतो. विनोद पुन्हा सांगितला की शिळा होतो, एवढंच. पण हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

आता लाजेची गोष्ट. गुरुवारच्या हरिपाठाला पहिली ओळ माईच उचलायच्या, वर्षानुवर्षं. स्वतःचा आवाज ऐकू येईना तशा त्या पट्टी सोडू लागल्या, लय पुढे धावू लागली. कोणीतरी म्हणालं, मन लागत नाही. मग आम्हीच, अगदी गोड शब्दांत, त्यांना मागे भिंतीशी बसायला सांगितलं, "टेकायला बरं पडेल" म्हणून. त्यांना कारण कळायला कानांची गरज नव्हती. दोन गुरुवार आल्या, तिसऱ्यापासून आल्या नाहीत. आम्ही एकमेकींना सांगितलं की त्यांचे गुडघे दुखतात.

दिवाळीत त्यांची नात इंदूरहून आली. तिच्या कॉलेजात ऐकू न येणाऱ्या मुली आहेत, त्यांच्याकडून ती थोडी सांकेतिक भाषा शिकलेली. तिने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. आम्हाला वाटत होतं हातवारे म्हणजे आपले अंदाजाने करायचे, भूक लागली की पोटावर हात. तसं नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीला २०१५ मध्ये तिचं संशोधन-प्रशिक्षण केंद्र झालं. २०१८ मध्ये त्यांचा पहिला शब्दकोश आला तेव्हा त्यात ३,००० शब्द होते, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० झाले. इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी काढतात. एका हाताच्या पाच बोटांची टोकं म्हणजे पाच स्वर, अंगठ्याला हात लावला की ए, करंगळीला लावला की यू.

माईंनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "मी काय मुकी आहे?"

आम्ही लगेच त्यांची बाजू घेतली. खरं तर ते आमच्या सोयीचं होतं. माई हातांनी बोलायला लागल्या असत्या तर आम्हालाही शिकावं लागलं असतं. त्या बोलत राहिल्या तर आम्हाला काहीच करायचं नव्हतं.

पण त्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजूही खरी आहे. आपल्याकडे 'मुकं-बहिरं' हा एकच शब्द असल्यासारखा वापरतात, आणि त्यात 'अडाणी' हेही न बोलता येतं. पंचावन्न वर्षं जिने तोंडाने संसार चालवला, लग्नं जमवली, भांडणं मिटवली, तिला एकदम हात हलवायला सांगायचं म्हणजे तिची वाणीच काढून घेतल्यासारखं वाटणारच. शिवाय त्या हातांनी बोलल्या असत्या तर कोणाशी? चांदनीत वाचणारं कोण होतं? नातही चार दिवसांत परत गेली.

वाचता वाचता कळलं की हा प्रश्न जगात फार जुना आहे आणि तो बहुतेक वेळा ऐकू येणाऱ्यांनीच सोडवून टाकला आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली. बहिऱ्या मुलांना तोंडानेच बोलायला शिकवावं, खुणा नकोत, असा ठराव तिथे झाला. मत देणाऱ्यांत बहिरी माणसं जवळजवळ नव्हतीच. पुढे कितीतरी शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावं लागलं. आमच्या मंडळाने माईंना भिंतीशी बसवलं तेव्हा आम्ही तरी त्यांना कुठे विचारलं होतं?

मग खंडव्याचा प्रसंग घडला. डोळ्यांच्या तपासणीला माईंना घेऊन गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर बसलो. समोरच्या प्लॅटफॉर्मवर दोन तरुण मुलं उभी होती, आमच्या बाजूला तिसरा. तिघांचं रुळांवरून हातांनी बोलणं चाललेलं. मधून मालगाडी धडधडत गेली, अनाउन्समेंट सुरू, चहावाले ओरडतायत. आम्ही शेजारी बसून एकमेकींच्या कानात किंचाळत होतो तरी ऐकू येईना. त्या मुलांचं मात्र डब्यांच्या फटींतूनही चालू, आणि तिघंही खदखदून हसत होते. माई एकटक पाहत राहिल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्यांना कोणी जाऊ द्या म्हणत नसेल."

आपल्याच भागातल्या दोन थोर व्यक्तींची आठवण या निमित्ताने झाली. विनोबाजींना उतारवयात कमी ऐकू येई. पवनारच्या आश्रमात लोक त्यांना प्रश्न कागदावर लिहून देत, ते वाचत आणि बोलून उत्तर देत. त्यांचा आवाज त्यांच्यापाशीच राहिला, फक्त समोरच्याने आपली रीत बदलली. (आमच्या शेजारी नेपानगरला १९५६ पासून कागदाचा कारखाना, आणि एक चिठ्ठी लिहायचा आम्हाला कंटाळा!) दुसरे मेहेरबाबा. त्यांना ऐकू येत होतं, मौन त्यांनी स्वतः घेतलं होतं, ही तुलना अगदी जुळत नाही हे आम्हालाही माहीत आहे. नगरजवळ मेहेराबादला १० जुलै १९२५ रोजी त्यांनी बोलणं थांबवलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते बोलले नाहीत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून सांगत. १९५४ मध्ये तीही सोडली, मग फक्त हातांच्या खुणा. जवळच्या शिष्यांनी त्या खुणा शिकून घेतल्या आणि ते इतरांना बोलून सांगत. त्यांना कोणी मुकं म्हटलं नाही. ज्याच्याबद्दल आदर असतो त्याचे हात वाचायला माणसं शिकतात, मग त्याला किती का वर्षं लागेनात. माईंसाठी आम्ही एक दुपारही काढली नव्हती.

इतके दिवस आम्ही 'माईंनी बोलावं की खुणा शिकाव्यात' एवढाच विचार करत होतो, जणू दोन्ही ओझी त्यांनीच वाहायची. मंडळाच्या बैठकीत हे निघालं तेव्हा माईंना मुद्दाम बोलावलं आणि सगळं वहीत लिहून दाखवलं, भिंतीशी बसवल्याचं खरं कारणही. त्यांनी ते दोनदा वाचलं. गुडघ्यांचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलायचं माझं मी बघते. मला ऐकवायचं कसं ते तुम्ही बघा."

ते वाटतं तितकं सोपं नाही. दर गुरुवारी हरिपाठानंतर अर्धा तास व्हिडिओ लावून आम्ही शिकतो. बाराजणींनी सुरुवात केली, सध्या पाचजणी टिकून आहेत. नातेवाईक आणि स्वयंपाकातले शब्द येतात, वाक्य जोडायला गेलं की गाडी अडते, मग वही आहेच. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंची बोटं वळत नाहीत, त्या पाटीवर लिहितात. माई अजूनही चारचौघांत हात हलवत नाहीत, तोंडानेच उत्तर देतात. त्यांनी बाजारातही खुणा कराव्यात असा आग्रह आम्ही सोडला आहे. तो त्यांचा प्रश्न आहे. पहिली ओळ पुन्हा त्याच उचलतात. पट्टी सुटते. शेजारची बाई त्यांच्या गुडघ्यावर ठेका धरते, लय सांभाळली जाते, सुराचं जमतं तसं जमतं. एकीने यायचं बंद केलं, तिचा राग अजून गेलेला नाही.

नात सुट्टीत पुन्हा आली. मागच्या गुरुवारी प्रसाद वाटताना आजी-नातीचं कोपऱ्यात हातांनी काहीतरी भराभर चाललं होतं. आमच्याकडे पाहून दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसल्या. आम्हाला त्यातला 'काकू' एवढाच शब्द कळला. काय झालं म्हणून विचारलं, तर माई म्हणाल्या, "काही नाही, जाऊ द्या."