मागून लिहिलेली पत्रिका

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा वाद हमरीतुमरीवर आला की कोणीतरी उठतो आणि म्हणतो, ‘या देशाला ना, एक ली क्वान यू पाहिजे!’ टाळ्या पडतात. यंदा टाळ्या वाजवणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते, ज्यांनी महिन्याभरापूर्वीच आडनाव ऐकून गिऱ्हाइकाला फ्लॅट नाकारला होता. ली ज्याचे पंतप्रधान होते त्या सिंगापूरमध्ये सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबांचं प्रमाण १९८९पासून ठरवून दिलेलं आहे. मर्यादा भरली की त्या समाजाची भर पडेल अशी विक्रीच होत नाही. हे ली त्यांना चालले असते का, ते त्यांनाच विचारायला हवं.

‘आधी शिस्त, मग समृद्धी, लोकशाही जमलंच तर’ हा विचार ली यांच्या नावावर जमा आहे आणि सिंगापूर त्यातून घडलं असं आपण धरून चालतो. मला हा क्रमच उलटा वाटतो. मूल कर्तंसवरतं झाल्यावर मागाहून पत्रिका मांडावी, तसा तो प्रकार आहे.

सुरुवातीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. केंब्रिजमधलं कायद्याचं शिक्षण, १९५२च्या संपात टपाल कामगारांची वकिली, १९५४मध्ये पक्ष, १९५९ला ५१पैकी ४३ जागा आणि पंतप्रधानपद, मलेशियात विलीनीकरण, १९६५ची फारकत आणि कॅमेऱ्यासमोरचे ते अश्रू. एक गोष्ट मात्र गाळली जाते. १९५५-५६मध्ये विरोधी बाकांवरून हेच ली बिनखटला स्थानबद्धतेच्या विरोधात तावातावाने बोलत होते. ते पंतप्रधान असताना, फेब्रुवारी १९६३मध्ये, ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’मध्ये शंभरावर लोकांना बिनखटला अटक झाली. त्यांत ली यांच्या पक्षाच्या स्थापनेत बरोबर असलेले लिम चिन सिओंगही होते. ली बदलले होते. पण तेव्हाचं त्यांचं समर्थन ऐका: कम्युनिस्टांचा धोका, चिमुकल्या बेटाचा टिकाव. ‘आशियाई माणसाला मोकळीक मानवत नाही’ हा सिद्धांत त्यात नव्हता.

मग सिंगापूर घडवलं कशाने? १९६०च्या गृहनिर्माण मंडळाने, अर्थमंत्री गोह केंग स्वी यांच्या जुरोंगमधल्या कारखान्यांनी, डच अर्थतज्ज्ञ विन्सेमियस यांच्या सल्ल्याने, १९६८पासून भविष्यनिर्वाह निधीतून घर घेण्याची मुभा देण्याने. आणि १९६६च्या भूसंपादन कायद्याने! पुढे त्यात दुरुस्ती करून भरपाई ३० नोव्हेंबर १९७३च्या भावाशी बांधली गेली. जमीन कितीही महाग होवो, कित्येक वर्षं वर एक पैसा नाही. १९८५पर्यंत पाचांतली चार माणसं सरकारी घरात राहत होती, त्यामागे हे होतं. रिडेव्हलपमेंटमध्ये चाळीस चौरस फूट जादा कार्पेटसाठी बिल्डरला कोर्टात खेचणारे आपण, एवढं ली तरी सोसू का?

‘आशियाई मूल्यां’चा हा सिद्धांत आला कधी, हे पाहिलं की सगळा घोळ कळतो. १९६८पासून संसदेत विरोधी पक्षाचा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. १९८१मध्ये अ‍ॅन्सनच्या पोटनिवडणुकीत विरोधी पक्षाचे जेयारत्नम जिंकले. १९८४मध्ये सत्ताधाऱ्यांची मतं सुमारे १३ टक्क्यांनी घसरली. घर मिळालेली, शिकलेली पिढी प्रश्न विचारू लागली होती. नेमक्या याच वर्षांत शाळांच्या अभ्यासक्रमात कन्फ्यूशियस अवतरला. १९९१ला ‘सामायिक मूल्यां’ची श्वेतपत्रिका आली: व्यक्तीआधी समाज, वादाआधी सहमती. १९९४मध्ये ली यांनी ‘फॉरेन अफेअर्स’च्या मुलाखतीत हेच जगाला ऐकवलं, तेव्हा पंतप्रधानपद सोडून त्यांना तीन वर्षं उलटून गेली होती. सत्तरेक अब्ज अमेरिकी डॉलरच्या घरात पोचलेल्या अर्थव्यवस्थेचा शिल्पकार बोलत होता. कोण ऐकणार नाही?

ऐकलं नाही ते किम दे-जुंग यांनी. दक्षिण कोरियात तुरुंग भोगलेल्या आणि फाशीची शिक्षा सुनावली गेलेल्या या नेत्याने त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी उत्तर दिलं आणि लोकशाहीची मुळं थेट प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसपर्यंत नेली. अमर्त्य सेन पुढे अशोक आणि अकबर घेऊन आले. खुद्द सिंगापूरमध्ये कन्फ्यूशियसचा तास तोवर मागे पडला होता.

ली ढोंगी होते असं मी म्हणत नाही; त्यांचा त्यावर विश्वास बसला असेलही. यशस्वी माणसाला आपल्या यशाचं कारण सांगावंसं वाटतं, आणि सांगताना तो आपल्या सोयीचं सांगतो. वाचणाऱ्याने मात्र तारखा बघाव्यात.

एक तारीख मीही देतो. चिया थाय पोह हे विरोधी पक्षाचे माजी खासदार ऑक्टोबर १९६६मध्ये स्थानबद्ध झाले. १९८९मध्ये त्यांना तुरुंगातून काढून सेंटोसा बेटावर निर्बंधांखाली ठेवण्यात आलं. मधल्या जवळपास २३ वर्षांत त्यांच्यावर एकही खटला चालला नाही.