आजचं चिंतन, गीता १८.४८ : धूर सोसायचा की काढायचा?



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला ४८ वा. भगवंत अर्जुनाला सांगतात, की आपल्या वाट्याला सहज आलेलं कर्म सदोष असलं तरी सोडू नये. आगीला जसा धूर वेढून असतो, तसा हाती घेतलेल्या प्रत्येक कामाला कुठला ना कुठला दोष वेढून असतोच.

मला हा श्लोक नेहमी धीर देणारा वाटत आलाय. ऑफिसात काहीतरी बिघडलं, मन खट्टू झालं, की मी याच्याकडे यायचो. चालायचंच, आग म्हटली की धूर आला! पण या वेळी मी इथे अडकलो. मनात प्रश्न आला, की मग वाईट काम करणाऱ्या प्रत्येकाला ही पळवाट मिळाली का? 'दोष तर असतोच' म्हणून कुणीही हात झटकायचे का?

हा प्रश्न पोथीतून आला नाही. एका मशीनमुळे आला. ती गोष्ट आधी सांगतो.

आईसाठी सागवानी देव्हारा करायला घेतलाय. गच्चीवरच्या खोलीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे. त्यासाठी एक सँडर मागवला, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन. ४ इंच रुंद आणि ३६ इंच लांबीचा घासपट्टा, बाजूला ६ इंची गोल डिस्क, तिच्यासमोर लाकूड टेकवायला छोटं टेबल. स्वस्तातला होता, म्हणून फार अपेक्षा नव्हती. पण जे आलं ते अपेक्षेच्याही खाली होतं.

पहिला दोष, बेल्ट जागेवर राहीना. चालू केलं की मिनिटाभरात सरकत सरकत कडेला जायचा आणि पत्र्याला घासायचा. सपाट बेल्टचा एक गमतीदार स्वभाव असतो. रोलरचा जो भाग जास्त जाड, तिकडे तो चढतो. म्हणून चांगल्या मशीनचा निदान एक रोलर मधोमध किंचित फुगीर ठेवतात. बेल्ट आपोआप मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. माझ्या मशीनचे दोन्ही रोलर सरळ नळीसारखे. मग एका रोलरच्या मधल्या भागावर टेपचे दोन वेढे दिले, आधी रुंद आणि त्यावर अरुंद. बेल्ट शहाण्यासारखा मध्यावर आला.

दुसरा दोष, बेल्टच्या पाठीमागची आधाराची पट्टी. तिच्यावर स्टीलची फूटपट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसत होता. मधे खोलगट! अशा पट्टीवर लाकूड सपाट कसं होणार? काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि ती पट्टी त्यावर तासभर घासत बसलो. घासायचं मशीन विकत घेऊन मीच हाताने घासत होतो.

तिसरा दोष, डिस्कसमोरचं टेबल. गुण्या लावून पाहिला तर काटकोन कुठेच नव्हता. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ पत्रा कापून टेबलाच्या बिजागरीखाली सारला. तीन तुकडे लागले, तेव्हा गुण्या दोन्ही अंगांनी टेकला.

यात दोन शनिवार गेले. दुसऱ्या शनिवारी रात्री मी चिडून एक लांबलचक रिव्ह्यू लिहिला. एक तारा. आवाज फार, भुसा फार, बेल्ट वाईट, पट्टी वाईट, टेबल वाईट, बनवणारे वाईट. खरं सांगतो, लिहिताना फार बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी बाबा चहा घेऊन वर आले. अनवाणीच. मशीन चालू होतं. त्यांनी सहज त्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अरे, मुंग्या येतायत याला."

मी स्लीपर घालून काम करत होतो, म्हणून मला काही जाणवलं नव्हतं. मशीन बंद केलं, प्लग काढला, मल्टिमीटर आणला. प्लगची तिसरी जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती पिन आणि मशीनचं लोखंडी अंग यांच्यात तार जोडलेली असायला हवी. मीटर म्हणाला, काहीच जोडलेलं नाही. तळाचं झाकण उघडलं. आत हिरवी वायर होती. तिला नीट गोल टोक होतं, त्यावर स्क्रू होता, आणि स्क्रू घट्टही होता. फक्त तो जाड रंगाच्या थरावर आवळलेला होता. रंगातून वीज जात नाही. म्हणजे बघणाऱ्याला अर्थिंग होतं, आणि हात लावणाऱ्याला नव्हतं. आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर ती वीज जमिनीत जायला बाबांच्या शरीराशिवाय दुसरी वाट नव्हती.

रंग खरवडून कोरं लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातला, स्क्रू पुन्हा आवळला. मीटर एक ओहमच्या खाली आला. एकूण वेळ, दहा मिनिटं. खर्च, एक वॉशर.

त्या दिवशी वाचनात हाच श्लोक होता, आणि माझं मन तो मानेना. आगीबरोबर धूर असतो, कबूल. पण रंगावर आवळलेला स्क्रू हा कसला धूर?

उत्तर शोधताना मागची पानं चाळली, आणि तिसऱ्या अध्यायातल्या ३८ व्या श्लोकावर थांबलो. तिथेही आग आणि धूर आहेत! जसा धुराने अग्नी झाकला जातो आणि धुळीने आरसा, तसं ज्ञान झाकलं जातं. कशाने? त्याच्या आधीच्या श्लोकात भगवंतांनी नाव घेतलंय, रजोगुणातून उठणाऱ्या काम आणि क्रोधाचं. आणि तिथे ते 'सोसून घे' म्हणत नाहीत. पुढे ४१ व्या श्लोकात सांगतात, की इंद्रियं आवरून या पाप्याला मारून टाक.

बघा, दृष्टांत एकच, आग आणि धूर. पण शिकवण दोन. अठराव्या अध्यायातला धूर कर्माच्या बरोबरीने जन्माला येतो. त्याला घाबरून कर्म टाकू नकोस. तिसऱ्या अध्यायातला धूर आपल्या हव्यासातून उठतो. त्याला कर्माचा स्वभाव म्हणू नकोस, तो काढ.

मग मी माझ्या मशीनचे दोष पुन्हा मांडले. आवाज आणि भुसा हा अठराव्या अध्यायातला धूर. लाकूड घासलं की भुसा उडणारच. तो निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुशाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलंय. म्हणून मास्क लावायचा, भुसा ओढून घेणारा पाइप जोडायचा, आणि काम करायचं. सोसणं म्हणजे दुर्लक्ष नाही. रोलर, पट्टी, टेबल हे किमतीचे दोष. मी कमी पैसे दिले, उरलेली किंमत हातांनी भरली. त्याबद्दल कुरकुर करावी, पण ती बेताची.

हिरवी वायर यात बसत नाही. तिथे खर्च वाचवायचा नव्हता, कौशल्यही कमी नव्हतं. तिथे कुणाला तरी दहा मिनिटं वाचवायची होती, आणि आत कोण बघतंय याची खात्री होती. अठराव्या अध्यायात आजच्या श्लोकाच्या दोनच श्लोक आधी सांगितलंय, की आपल्या कर्मानेच त्याची पूजा करून माणूस सिद्धीला पोचतो. पूजाच म्हटली तर झाकणाच्या आतला स्क्रूसुद्धा नैवेद्यातला आहे.

इथवर सगळं छान चाललं होतं, कारण दोषी दुसरा कुणीतरी होता.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. संतमंडळी जमलेली, मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात, मडकं भाजलंय की कच्चं. नामदेवांना राग येतो, आणि नेमकं त्यांचंच मडकं कच्चं निघतं. मी मशीनवर थापटणं मारत बसलो होतो. रात्री अंथरुणात ते माझ्या डोक्यावर बसलं.

मी ज्या ॲपवर काम करतो त्यात ग्राहकाला तक्रार नोंदवायची सोय आहे. मागच्या दिवाळीआधी ते पूर्ण करायची घाई होती. पलीकडच्या सर्व्हरकडून कधीकधी उत्तर येत नसे. त्याचं नीट काही करायला अर्धा दिवस हवा होता. मी काय केलं? उत्तर आलं नाही तरी हिरवी टिक दाखवायची, 'तुमची तक्रार नोंदवली आहे'. शेजारी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली, 'नंतर बघू'. नंतर कधी बघितलं नाही.

हिरवी वायर आणि हिरवी टिक! बघणाऱ्याला जोडलेलं दिसतं, आणि आत काहीच जोडलेलं नाही. आणि इतके महिने मी त्याला काय म्हणत होतो? 'सॉफ्टवेअर म्हटलं की बग असणारच.' म्हणजे आग म्हटली की धूर आलाच. तिसऱ्या अध्यायातला धूर मी अठराव्या अध्यायात खपवत होतो. तो स्क्रू आवळणारा माणूस कोण होता मला ठाऊक नाही. त्यालाही दिवसाचा आकडा पूर्ण करायचा असेल. त्याची घाई मला रविवारी सकाळी अक्षम्य वाटली होती. माझी घाई मला वर्षभर समजण्यासारखी वाटत होती.

सोमवारी मी आमच्या लीडला सांगितलं. सोपं नव्हतं. "इतके दिवस का नाही बोललास?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुरुस्तीला खरोखर अर्धा दिवसच लागला. पण दरम्यान किती जणांच्या तक्रारी हवेत गेल्या, ते आता कळायला मार्ग नाही. त्याची नोंदच मी ठेवली नव्हती. ते काही वॉशर घालून जोडता येत नाही.

आणि तो रिव्ह्यू मी काढला. त्याच्या जागी चार ओळी लिहिल्या, फक्त अर्थिंगबद्दल. कुठे बघायचं, मीटर कसा लावायचा, रंग कसा खरवडायचा, आणि हे येत नसेल तर मशीन इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय चालू करू नका. विकणाऱ्यालाही तेच कळवलं. रागाच्या रिव्ह्यूमध्ये दहा तक्रारी होत्या आणि जी एक जिवावरची होती ती नव्हतीच. रागाला सगळे दोष सारखेच मोठे दिसतात. मला वाटतं, भगवंतांनी कामाच्या जोडीला क्रोधाचं नाव घेतलंय ते यासाठीही असेल.

आजचं मनन : आपल्या रोजच्या कामातली अशी एक जागा आठवा, जिथे आपण म्हणतो, 'एवढं चालतंच.' मग स्वतःला विचारा, हा धूर आगीबरोबर आलाय, की मी दहा मिनिटं वाचवली म्हणून उठलाय? पहिला असेल तर नाकाला रुमाल बांधा आणि कामाला लागा. दुसरा असेल तर आज झाकण उघडा.

देव्हाऱ्याची कमान आता छान गुळगुळीत झाली आहे. मागची बाजू भिंतीला लागणार, ती कुणाला दिसणार नाही. तीही १२० आणि मग २२० नंबरने घासतोय.

रामकृष्ण हरि.