रंगाखालचा टाका

ट्रॉली करायची ठरली ती शेणखतामुळे. वेल्ह्याच्या बाजूला, ओढ्यापलीकडे माझी दोन एकर जमीन आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे तीन किलोमीटर दगडगोटे, मध्ये ओढा, आणि पावसाळ्यात चाकोरीत साचलेला चिखल. ट्रॅक्टरवाला यायचा, पण त्याच्या सवडीनं. आणि त्याची सवड व माझा रविवार कधी जुळले नाहीत. माझ्याकडे जुनी महिंद्राची ५४० जीप होती. तिच्यामागे जोडता येईल अशी दोनचाकी ट्रॉली आपणच करावी असं एकदा मनात आलं, ते गेलं नाही.

वर्षभर मी त्याचाच विचार केला. भंगारातून जुन्या जीपचा मागचा एक्सल आणला. कारण दोन्हीच्या चाकांमधलं अंतर सारखं असलं की ट्रॉलीची चाकं जीपच्याच चाकोरीतून येतात, आणि एक स्टेपनी दोघांना चालते. खाली कमानपाटे, वर ७५ मिलिमीटरच्या चॅनेलचा सांगाडा. कारमागे लावतात तसा गोळ्याचा हूक खडकाळ वाटेवर अपुरा पडतो. जीप एका बाजूला कलते, ट्रॉली दुसऱ्या बाजूला, आणि गोळा तेवढं वळू देत नाही. म्हणून फौजी गाड्यांना असतो तसा जबड्याचा हूक आणि जाड कडी लावली. भरलेल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा दांडीवर यावा, माल मागे जास्त झाला तर ट्रॉली शेपटीसारखी हेलकावते, हे सगळं वाचून, कागदावर मांडून, पुन्हा वाचून मी कामाला लागलो. धायरीतल्या मित्राचा गाळा रविवारी रिकामा असायचा.

हे इतकं लांबण लावून सांगतोय त्याचं कारण आहे. मी निष्काळजी माणूस नाही. निदान तेव्हा माझा तसा समज होता.

दांडी जिथे सांगाड्याच्या पुढच्या आडव्या चॅनेलला मिळते, तो जोड या सगळ्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक खड्ड्यात दांडी वर-खाली वाकते, आणि ते वाकणं नेमकं तिथे येऊन साठतं. त्या जोडासाठी मी ७०१८ नंबरचे रॉड आणले होते. हे रॉड चांगले, पण त्यांना दमट हवा सोसत नाही. पाकीट फोडलं की ते गरम आणि कोरडे ठेवावे लागतात, नाहीतर वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात. महिना जुलैचा होता. पाकीट आदल्या रविवारी फोडलेलं. वरच्या बाजूचं वेल्डिंग नीट झालं. खालच्या बाजूसाठी सांगाडा उलटा करायला हवा होता, त्याला चार माणसं लागतात, आणि मी एकटा होतो. मग खाली पडून, डोक्यावर हात धरून मारलं. ठिणग्या कॉलरमध्ये पडत होत्या. उजव्या बाजूचा टाका उतरला तो गांडुळांच्या विष्ठेसारखा, गाठीगाठीचा, मध्ये जाळी. मला दिसलं. मला कळलंही.

ग्राइंडर घेतला आणि तो घासून गुळगुळीत केला. त्यानं जोड मजबूत झाला नाही, फक्त देखणा झाला. वर रेड ऑक्साईड, त्यावर हिरवा रंग. मनाशी म्हटलं, मी काय हायवेवर नेणार आहे? शेणखत, पाण्याची पिंपं, दगड. तुटली तर माझ्याच वाटेवर तुटेल, आणि माझंच नुकसान होईल.

या एका वाक्यानं मला दोन वर्षं निवांत झोप दिली, म्हणून ते तपासून बघण्यासारखं आहे. स्वतःसाठी केलेल्या वस्तूचा धोका स्वतःपुरता, हे ऐकायला वाजवी वाटतं. पण ट्रॉली ही मुळात मागे असणारी वस्तू आहे. ती ओढणारा पुढे बघत असतो. ती सुटली तर त्याच्या अंगावर येत नाही. मागून येणाऱ्याच्या, किंवा उतारावर खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर जाते. शिवाय माझी ‘माझी वाट’ही पूर्ण माझी नव्हती. गावातून बाहेर पडायला अर्धा किलोमीटर डांबरी होताच. मोटार वाहन कायद्याच्या लेखी ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याला नोंदणी लागते. माझ्या ट्रॉलीला ती नव्हती, आणि मी त्या अर्ध्या किलोमीटरला मनातल्या मनात शेतरस्ताच म्हणत असे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीपमागे पाव टनाची दोनचाकी ट्रॉली असायची. पहिली जीप ज्या बँटम कंपनीनं उभी केली, तिच्या हातून जीपचं मोठं काम इतरांकडे गेलं आणि ती या ट्रॉल्या बनवू लागली. पेटी अशी की पाण्यात तरंगावी. माझं आराध्यदैवत ती ट्रॉली. पण तिच्यातली एक गोष्ट मी उचलली नाही: तिच्यावरची पत्र्याची पाटी. पाटी म्हणजे बनवणाऱ्यानं अनोळखी माणसाला सांगितलेली गोष्ट: हिला एवढं झेपतं, याच्या पुढे नाही. माझ्या ट्रॉलीची पाटी माझ्या डोक्यात होती, आणि तिच्यावरची एक ओळ मी स्वतःलाही वाचू देत नव्हतो.

शेजारच्या शेतावरच्या आबांनी तिसऱ्या पावसाळ्यात ट्रॉली मागितली. त्यांच्याकडे पिकअप आहे. “लावणीला रोपं न्यायचीत, दोन दिवस द्या.” त्यांनी माझ्या विहिरीची मोटर वर्षभर सांभाळलेली, माझ्या गैरहजेरीत आंब्यांना पाणी घातलेलं. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. कडीत पिन कशी घालायची, साखळ्या दांडीखालून फुलीत कशा लावायच्या, हे मी मोठ्या हौसेनं दाखवलं. जोडाबद्दल बोललो नाही. तो विषय डोक्यात आलाच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आला होता. साखळ्या दाखवताना माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता.

ट्रॉली परत आली ती स्वच्छ धुऊन. आबांचं सगळं काम असंच. बोलता बोलता ते म्हणाले की शेवटच्या दिवशी पाऊस वाढला, तेव्हा लावणीच्या सगळ्या बायकांना ट्रॉलीत बसवून पार खालच्या वाडीपर्यंत सोडलं. अकरा बायका. आणि आबांची नात, कारण तिला गंमत वाटली.

ते गेल्यावर मी खाली पडून बघितलं. हिरव्या रंगातून एक तांबडी रेघ उतरली होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. भेगेत पाणी शिरून गंज बाहेर येतो तशी. नखानं रंग खरवडला. टाका उजव्या बाजूनं उकलत चालला होता.

तुटला नव्हता. खालच्या वाडीचा उतार, ओला रस्ता, अकरा बायका, एक मूल, आणि तुटला नव्हता. अशा वेळी आपण म्हणतो, दैव बलवत्तर. बारकाईनं पाहिलं तर ते दैव वाचलेल्याचं असतं. ज्याच्या हातून घडता घडता राहिलं, त्याच्यासाठी आपल्याकडे तसा शब्द नाही; त्याला आपण ‘थोडक्यात निभावलं’ म्हणतो आणि चहा मागवतो.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ मध्ये या विषयावर एकमेकांना जोडून निबंध लिहिले. विल्यम्सचा ट्रकवाला प्रसिद्ध आहे: काहीही चूक नसताना त्याच्या चाकाखाली मूल येतं. लोक समजूत काढतील, काढावीच. पण तो चटकन समजूत घालून घेऊ लागला तर आपल्याला ते खटकेल. नेगल आणखी एक वळण घेतो. समजा ट्रकवाल्यानं ब्रेक तपासून घेतले नव्हते. मूल मध्ये आलं तर तो जन्मभर गुन्हेगार. आलं नाही तर तीच हयगय कुणाच्या खिजगणतीतही नाही. दोघांनी केलं एकच. फरक पडला तो तिसऱ्याच्या येण्यानं किंवा न येण्यानं.

मी त्या दुसऱ्या ट्रकवाल्याच्या जागी होतो, आणि तिथून ही चर्चा वेगळी दिसते. पुस्तकात प्रश्न असा असतो की दोघांना सारखा दोष द्यावा का. ट्रॉलीखाली पडलेल्या माणसाला दोषाचं माप नको असतं. त्याला फक्त एवढंच जाणवतं की काही न घडल्यामुळे आपलं कृत्य कुणालाही दिसलेलं नाही, आणि ते दाखवायचं की नाही हे आता सर्वस्वी आपल्या हातात आहे. अपघात झाला असता तर पंचनामा झाला असता. निभावलं की पंचनामा आपणच करायचा असतो, आणि पंच कुणी येत नाही.

हम्मुराबीच्या कायद्यात घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड आहे. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याचा मुलगा. हे कलम भयंकर असल्यामुळे सर्वांना माहीत असतं. त्याच यादीत थोडं पुढे एक साधं कलम आहे: काम पक्कं न केल्यामुळे भिंत कलली, तर बांधणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं ती पक्की करून द्यावी. मला वाटलं, हे आपलं कलम. कुणी मेलेलं नाही, भिंत फक्त कललीय. जोड कापून काढला, सांगाडा उलटा केला (या वेळी चार माणसं बोलावली), कसलेल्या वेल्डरकडून नीट खाच पाडून भरून घेतलं, दोन्ही बाजूंना पट्ट्या मारून घेतल्या. खर्च माझा. कलम पूर्ण झालं.

पण झालं नव्हतं. आबा भेटले की मी हवापाण्याचं बोलायचो. त्यांची नात अंगणात दिसली की नजर वळवायचो. दुरुस्तीनं पुढचा धोका संपला होता. मागचा, जो त्यांनी न कळत अंगावर घेतला होता, तो तसाच होता, आणि तो माझा नव्हता की मी एकट्यानं मिटवावा.

दिवाळीच्या आसपास सांगितलं. रॉड, जुलै, ग्राइंडर, रंग, सगळं. आबा खाली बघत ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, “मग त्या दिवशी का नाही सांगितलं?”

मी म्हणालो, “आबा, मला वाटलं नव्हतं तुम्ही माणसं बसवाल.”

“ट्रॉली म्हटल्यावर माणसं बसणारच की.”

याला उत्तर नाही. मालवाहू ट्रॉलीत माणसं नेऊ नयेत हे कायदा सांगतो, आणि लग्नाला, जत्रेला, लावणीला माणसं ट्रॉलीतून जातात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला दोन्ही माहीत होतं. ‘यासाठी बनवलीच नव्हती’ हे मी त्या माणसाला सांगत होतो, ज्याला ती कशासाठी बनवलीय हे मी कधी सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, रोपांच्या ऐवजी शेणखत असतं तरी उतारावर सुटलेली ट्रॉली खाली कोण आहे ते बघून थांबली नसती.

आबा रागावले नाहीत, निदान दिसले नाहीत. आंब्यांना पाणी पूर्वीसारखंच मिळत राहिलं. फक्त ट्रॉली त्यांनी दोन हंगाम मागितली नाही. दुसरीकडून भाड्यानं आणली. सूनबाईंनी एकदा माझ्या बायकोला काहीतरी विचारलं, तिनं ते मला सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

गेल्या जूनमध्ये आबा सकाळी सकाळी आले. “ट्रॉली मोकळी आहे का?” मी किल्ली आणायला वळलो, पिन आणि साखळ्या घेऊन बाहेर आलो, तर आबा दिसेनात. ट्रॉलीपाशी गेलो. धोतर सावरून, पोत्यावर पाठ टेकून ते दांडीखाली आडवे झाले होते, हातात बॅटरी.

“साहेब,” आतून आवाज आला, “तो कुठला टाका म्हणाला होता? जरा बोट लावून दाखवा.”

मी त्यांच्या शेजारी चिखलात आडवा झालो.